रानडुक्कर की खेकडा

फ्युल्जांस बूर्दिया यांना पदक पुढून कसं दिसतं याची फारशी कल्पना नव्हती. पुढच्या बाजूला सम्राटाचा मुखडा असतो, मागे लढायांची नावं असतात, वर रंगीत फीत असते. ते सगळं बघायला चारचौघं असतातच. फ्युल्जांस बघत ती कडी. पदक फितीत ज्या बारक्या चांदीच्या कडीनं अडकवतात, ती. त्या कडीच्या पाठीवर घडवणाऱ्याचा शिक्का मारलेला असतो: शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट, तिच्यात नावाची दोन अक्षरं आणि मध्ये एखादं चित्र. अख्खं शंकरपाळं तिळाएवढं. शेजारी सरकारचा शिक्का, तो त्या तिळाच्याही निम्मा. दीडशे वर्षांत फ्रान्सनं किती लढाया जिंकल्या नि किती हरल्या हे फ्युल्जांस यांना विचारलंत तर ते गडबडत. पण त्या लढायांची पदकं पॅरिसच्या कोणत्या गल्लीत ठोकली गेली, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत.

एकदा चौदा जुलैच्या, राष्ट्रीय दिनाच्या समारंभात एक हात नसलेले म्हातारे गृहस्थ आपला हात कुठे नि कसा गेला ते त्यांना सांगत होते. फ्युल्जांस त्यांच्या छातीवरचा क्रॉस उलटा करून भिंग लावून वाकले होते.

"...आणि तोफगोळा फुटला तेव्हा माझ्या शेजारचा..."

"जरा श्वास रोखून धरा," फ्युल्जांस म्हणाले. "कडी हलते आहे."

त्या गृहस्थांनी श्वास रोखून धरला. फ्युल्जांस यांना शिक्का लागला, ते "वा! पॅरिस!" म्हणाले आणि निघून गेले. शेजारच्याचं काय झालं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

याला कारण त्यांची नोकरी. फ्युल्जांस यांनी एकतीस वर्षं ओसेर गावातले पाण्याचे मीटर वाचले. आमच्याकडे मीटर तळघरात, वाईनच्या बाटल्यांच्या मागे, कोळ्यांच्या जाळ्यांच्या खाली असतो. दातांत बॅटरी, गुडघ्याला ओल, आणि धुरकट काचेआडचे बारके आकडे. निवृत्त झाल्यावर गावातली बाकीची माणसं नदीवर गळ टाकून बसतात. फ्युल्जांस यांचे डोळे मात्र काहीतरी बारीक, अंधूक आणि दुसऱ्या कोणाला न दिसणारं वाचायला मिळावं म्हणून वखवखलेले असत. जुन्या बाजारात एका रविवारी एका पदकाच्या कडीवर त्यांना ते मिळालं. पत्नी लेओकादी म्हणते, "दुसरी बाई असती तर मी भांडले असते. कडीशी काय भांडणार?"

ही गोष्ट १९७६ सालची. तोवर फ्युल्जांस यांच्या वहीत चारशे बारा शिक्के जमले होते, आणि प्रत्येकासमोर घडवणाऱ्याचं नाव होतं. ओसेरचं पदकमित्र मंडळ ही वही पुस्तक म्हणून छापणार होतं. मंडळ म्हणजे सतरा सभासद, एक रबरी शिक्का आणि मादाम पिशो यांच्या कॅफेची मागची खोली. मार्चमधल्या वार्षिक जेवणाच्या दिवशी छपाईचा ठराव व्हायचा होता. त्रेसष्टाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव मीटरच्या पावतीखेरीज दुसऱ्या कागदावर छापून येणार, या विचारानं फ्युल्जांस यांना महिनाभर अंडं पचत नव्हतं.

आणि पुस्तकाचं पहिलं पान होतं गोगलगायीचं.

जे आणि टी ही दोन अक्षरं, मध्ये गोगलगाय. हा शिक्का फ्युल्जांस यांना चौदा वर्षांत नऊ पदकांवर सापडला होता. क्रिमियाचं एक, इटलीच्या मोहिमेची तीन, मेक्सिकोची दोन, टोंकिनची तीन. पदकं एकमेकांसारखी नव्हती. कोणाचा सम्राट गोबऱ्या गालांचा, कोणाचा आजारातून उठल्यासारखा. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, ही वेगवेगळ्या लोकांनी घडवलेली दिसतात. पण फ्युल्जांस कडीवर विश्वास ठेवणारे. त्यांनी अनुमान काढलं, की हा एकच कारागीर होता, तीस वर्षं राबत होता, आणि हवी तेव्हा हवी तशी शैली बदलू शकत होता. म्हणजे अलौकिक. आणि अलौकिक आहे म्हटल्यावर पॅरिसचाच. त्यांनी पॅरिसच्या जुन्या व्यापारी यादीतून जे आणि टी या अक्षरांचा माणूस शोधला. एकच सापडला: ज्यूल तेव्हनार, छत्र्यांच्या मुठी. फ्युल्जांस यांनी त्याला बढती दिली.

"नऊच्या नऊ पदकं तुला आपल्याच गावाच्या आसपास मिळाली ना?" लेओकादीनं एकदा भाजी चिरता चिरता विचारलं होतं. "मग बनवणारा इथलाच असेल की."

फ्युल्जांस यांनी तिच्याकडे करुणेनं पाहिलं. "याचा अर्थ एवढाच, लेओकादी, की आपल्या भागातल्या लोकांना चांगल्या मालाची पारख होती."

खरी अडचण दुसरीच होती. कडीवरच्या सरकारी शिक्क्याचा नियम असा, की पॅरिसमध्ये तपासलेल्या चांदीवर रानडुकराचं मुंडकं मारायचं आणि उरलेल्या अख्ख्या देशाला मिळून एक खेकडा द्यायचा. हा नियम करणारे कुठे राहत असत ते सांगायला नको. गोगलगायीच्या शेजारी डुक्कर असेल तर माणूस पॅरिसचा; खेकडा असेल तर तो कुठल्यातरी गावचा, म्हणजे कुठलाच नाही. आणि नऊच्या नऊ कड्यांवर तो शिक्का झिजून चिखलात बसलेल्या माशीसारखा झाला होता. सकाळी पाहिला तर डुक्कर. दुपारी पाहिला तर खेकडा. अलिगोते वाईनचे दोन पेले घेऊन पाहिला तर लेओकादीची मावशी.

फ्युल्जांस तो नेहमी सकाळीच पाहत.

खेकडेवाद्यांचे पुढारी होते दिजाँचे कर्नल ग्रांव्हो. दरवर्षी ते वार्षिक जेवणाला मुद्दाम आगगाडीनं येत, पोटभर जेवत आणि कॉफीच्या वेळी उठून म्हणत, "मस्ये बूर्दिया, तो खेकडा आहे." कर्नलसाहेबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चष्मा लावणं त्यांना पराभवासारखं वाटे, तेव्हा त्यांनी तो खेकडा नेमका कशानं पाहिला हे गूढच होतं. पण त्यांची खात्री होती, की गोगलगायवाला दिजाँचा. दिजाँमध्ये सगळंच होतं. मोहरीपासून अलौकिक माणसांपर्यंत.

बाकीचं मंडळ डुकराच्या बाजूनं. अध्यक्ष डॉक्टर बोनामी, पेशानं दातांचे, यांनी पॅरिसच्या मोठ्या मंडळाला या शोधाबद्दल चार पानी पत्र लिहिलं होतं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, 'कळवल्याबद्दल आभार.' ते चौकटीत घालून मागच्या खोलीत टांगलं. चिटणीस पर्दरो यांनी तर कॅफेच्या दारावर हातानं रंगवलेलं पोस्टर लावलं. परातीएवढी गोगलगाय आणि खाली: 'पॅरिसच्या एका महान कारागिराचा शोध. व्याख्याते: आपले मस्ये बूर्दिया.' बायकांना पुढच्या खोलीत बसवलं होतं, कारण विषय गंभीर होता.

त्या रविवारी गरम चीजचे पोकळ गोळे झाले, आंदुइयेत सॉसेज झाली, आणि चीजची पाटी येण्याआधी फ्युल्जांस बोलायला उठले. छान बोलत होते. गोगलगाय का? तर, ते म्हणाले, महान कलावंत घाई करत नाही, हे सुचवण्यासाठी. डॉक्टर बोनामींनी मान डोलावली. कर्नलसाहेब कॉफीची वाट पाहत दबा धरून बसले होते.

तेवढ्यात दार उघडून एक म्हातारी आत आली. हातात बाजारची जाळीची पिशवी, पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या कांद्याच्या हिरव्या पाती, डोक्याला रुमाल. पिशवी तिनं सरळ टेबलावर ठेवली.

"ती दारावरची गोगलगाय कोणी काढली?"

"मी," पर्दरो लाजून म्हणाले.

"शिंगं चुकलीत. बरं ते जाऊ दे. ती आमची आहे."

खोलीत हसू पसरलं. डॉक्टर बोनामी दात उपटण्याआधीच्या गोड आवाजात म्हणाले, "मादाम, हा पॅरिसच्या एका थोर..."

"कसलं पॅरिस! माझे आजोबा. ज्युस्तँ ताबुरे. पुलाच्या अलीकडे घड्याळं दुरुस्त करायचे. मी झेली ताबुरे, तुमच्यातले निम्मे लोक माझ्याकडून अंडी घेतात." तिनं एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली आणि चार जणांनी माना खाली घातल्या. "म्हातारे शिपाई दर रविवारी पदक लावून फिरायचे. चर्चला पदक, बाजाराला पदक, एकजण तर लावून झोपायचा. मग कडी झिजून तुटायची. आजोबा नवी करून द्यायचे. शिपायांकडे पैसे कुठले? खायला टोपलीभर गोगलगायी आणून द्यायचे. आमच्या घरी इतक्या गोगलगायी झाल्या, की आजी म्हणाली, आता शिक्क्यावर पण हीच काढा. त्यांनी काढली."

महान कलावंताची घाई न करणारी गोगलगाय लसूण-लोण्यासकट ताटात येऊन पडली होती.

फ्युल्जांस यांचे कान तापले. "मादाम, कौटुंबिक आठवणी गोड असतात," ते म्हणाले, "पण त्या पुरावा नसतात. नऊच्या नऊ पदकांच्या कड्या तुमच्या आजोबांनी बदलल्या म्हणता?"

"नऊच? आणखी कितीतरी असतील. नीट शोध, पोरा."

त्रेसष्ट वर्षांच्या फ्युल्जांस यांना पोरा म्हणणारं जगात आता कोणी उरलं नव्हतं. झेलीनं पिशवीत हात घालून, कांद्यांच्या खालून एक गाठोडं काढलं. रुमालात इटलीच्या मोहिमेचं पदक होतं.

"हे कोणी न्यायलाच आलं नाही. प्लान्शार नावाचा शिपाई कडी घालायला देऊन गेला आणि त्याच आठवड्यात वारला. आजोबांनी कडी घालून ठेवली होती. ऐंशी वर्षं खणात पडून आहे."

फ्युल्जांस पुढे वाकले. ऐंशी वर्षं खणात! म्हणजे ही कडी कोणी वापरली नाही. कोणाच्या कोटावर घासली नाही. म्हणजे शिक्का...

त्यांनी पदक घेतलं, खिडकीशी गेले, भिंग डोळ्याला लावलं.

गोगलगाय होती. तिच्या शिंगांची टोकंसुद्धा दिसत होती. आणि शेजारी, सकाळी नाही, अलिगोतेनंतर नाही, भर दुपारी एक वाजता, लख्ख, कालच मारल्यासारखा, आठ पाय आणि दोन नांग्या पसरून खेकडा बसला होता.

मागे सगळी खोली श्वास रोखून बसली होती. फ्युल्जांस यांना कळलं, की या घटकेला हा खेकडा जगात फक्त त्यांना दिसतो आहे. भिंग त्यांचं. मंडळात ती कला दुसऱ्या कोणाला येत नाही. कर्नलसाहेबांना स्वतःच्या ताटातला काटा दिसत नाही. नुसतं 'डुक्कर' म्हणायचं आणि खाली बसायचं. चीज येईल, ठराव होईल, पुस्तक छापलं जाईल. पहिल्या पानावर पॅरिस. म्हातारी बडबडत घरी जाईल.

ते खोटं बोलले असते, असं त्यांनीच पुढे लेओकादीला सांगितलं. तयारीही झाली होती. पण एकतीस वर्षांची वाईट सवय आड आली. एकतीस वर्षं त्यांच्या डोळ्यांनी तळघरात आकडा वाचला की तोंड तो वर उभ्या असलेल्या माणसाला ओरडून सांगून मोकळं होत असे. मधे मनाला विचारायची पद्धतच नव्हती.

"खेकडा!" फ्युल्जांस खिडकीजवळून ओरडले.

आणि आपण काय बोललो हे ऐकून मटकन खुर्चीत बसले.

"हा!" कर्नल ग्रांव्हो उभे राहिले. अकरा वर्षांचा विजय त्यांच्या मिशांपर्यंत आला. "मी काय म्हणत होतो! दिजाँ!"

"दिजाँ नाही हो," झेली म्हणाली. "पुलाच्या अलीकडे. आता तिथे केस कापतात."

कर्नलसाहेबांच्या मिशा हळूहळू खाली आल्या. ओसेर! खेकडा जिंकला होता आणि दिजाँ हरलं होतं. ते खाली बसले, विचारात पडले.

डॉक्टर बोनामींनी चौकटीतल्या पत्राकडे पाहिलं. पर्दरोंनी दाराकडे, जिथे त्यांची परातीएवढी गोगलगाय वाळत होती. मग अध्यक्षांनी घसा साफ केला.

"मित्रहो, मुद्दा वादाचा झालेला आहे. आपल्या नियमांप्रमाणे वादाचा मुद्दा हात वर करून सोडवला जातो."

"पण डॉक्टर, इथे वाद काय आहे?" फ्युल्जांस चक्रावले. "त्याला नांग्या आहेत!"

"तुमचं मत आम्ही ऐकलं, मस्ये बूर्दिया. एक विद्वान म्हणून तुमचा आदर आहे. पण चौदा वर्षं तुम्हीच आम्हाला डुक्कर दाखवलंत. आता पॅरिसला काय कळवू? की थोर कारागीर सापडला होता, तो पुलाच्या अलीकडे घड्याळं दुरुस्त करतो?"

"करायचे," झेलीनं दुरुस्ती केली. "वारले."

"शिवाय," पर्दरो म्हणाले, "असा माणूस इथे होता तर आपल्याला माहीत नसतं का?"

हा मुद्दा सगळ्यांना पटला. आमच्या गावात काही चांगलं असतं, तर ते एव्हाना कोणीतरी पॅरिसहून येऊन सांगितलं असतं.

"शिक्का खेकड्याचा आहे असं मानणाऱ्यांनी हात वर करावेत."

फ्युल्जांस यांनी हात वर केला. झेलीनंही केला.

"मादाम, आपण सभासद नाही."

"मग पाहुणी म्हणून धर."

"धरता येत नाही. एक मत. रानडुक्कर?"

हात वर गेले. डॉक्टर, पर्दरो, औषधवाले, दोन्ही शिक्षक, एकजण तर आंदुइयेतचा काटा हातात धरूनच. पंधरा. फ्युल्जांस यांनी शेवटच्या आशेनं कर्नलसाहेबांकडे पाहिलं. अकरा वर्षं ज्यांनी कॉफी खेकड्यासोबत प्यायली, ते तरी?

कर्नल ग्रांव्होंचा हात सावकाश, पण लष्करी बाण्यानं वर गेला.

"कर्नल! तुम्ही?"

"पॅरिसकडून हरण्यात अब्रू आहे, मस्ये," कर्नलसाहेब म्हणाले. "ओसेरकडून हरून मी दिजाँच्या स्टेशनावर उतरू कसा?"

"सोळा विरुद्ध एक," पर्दरोंनी नोंद केली आणि रबरी शिक्का मारला. "रानडुक्कर संमत. आता छपाईचा ठराव. मस्ये बूर्दिया, पहिलं पान जसं आहे तसं राहील, नाही का?"

फ्युल्जांस यांची वही टेबलावर होती, हिरव्या पुठ्ठ्याची. चारशे बारा शिक्के. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. नाव छापून येणं किती जवळ आलं होतं! एक पान सोडून द्यायचं, बाकीची चारशे अकरा खरीच होती. पण तो खेकडा डोळ्यांसमोरून हलेना.

"नाही राहणार," ते म्हणाले.

"मग छपाई नाही."

"मग नाही."

त्यांनी वही काखेत मारली आणि चीजची पाटी दारातून आत येत असताना ते दारातून बाहेर पडले. मादाम पिशो पाटी घेऊन थिजल्याच. पुढच्या खोलीत लेओकादी इतर बायकांबरोबर बसली होती. नवरा चीजच्या आधी बाहेर आलेला पाहून ती ताडकन उठली.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"खेकडा निघाला."

लेओकादीला त्या कड्यांतलं काही कळत नसे, पण गेल्या चौदा वर्षांच्या संसारात त्या खेकड्याचं स्थान तिला ठाऊक होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तू सांगितलंस?"

"ओरडलो."

तिनं त्यांचा कोट खुंटीवरून काढला, त्यांच्या खांद्यावर घातला आणि गळ्याची गुंडीही स्वतः लावली. गेल्या कित्येक वर्षांत तिनं असं केलं नव्हतं.

मागून झेली आली. "चला माझ्याकडे. तुमच्या त्या शहाण्यांपेक्षा माझं चीज बरं आहे. आणि त्या खणात अजून काय काय पडलंय."

पूल ओलांडून तिघं तिच्या स्वयंपाकघरात आली. झेलीनं चीज काढलं, पाव काढला आणि आतून बिस्किटांचा एक जुना डबा आणून टेबलावर उपडा केला. त्यातून चांदीच्या बारक्या कड्या सांडल्या. झिजलेल्या, तुटलेल्या, एका बाजूनं केसाएवढ्या उरलेल्या. दोनशे असतील, तीनशे असतील.

"या आजोबांनी काढलेल्या. जुन्या. टाकून द्यायला जीव होईना त्यांना."

फ्युल्जांस खुर्ची ओढून बसले. पदकं सगळी जगभर गेली होती, कपाटांत, थडग्यांत, लिलावांत, ताबुरे यांची कडी लावून. आणि त्यांच्या मूळच्या कड्या, मूळ घडवणाऱ्यांच्या शिक्क्यांसकट, इथे चीजच्या शेजारी पडल्या होत्या. त्यांनी भिंग लावलं. एक उचलली: तारा. दुसरी: नांगर. तिसरीवर मधमाशी, त्यांच्या वहीत नसलेली! डुक्कर, डुक्कर, डुक्कर! "पॅरिस!" ते पुटपुटले. "लेओकादी, हे बघ, हा कोण असेल? पॅरिस!"

"झालं सुरू," झेली लेओकादीला म्हणाली. "मला वाटलं, माझ्या आजोबांचं नाव लिहायला आला."

लेओकादीनं पुढे होऊन नवऱ्याच्या डोळ्यावरचं भिंग काढून घेतलं आणि वही पहिल्या पानावर उघडून त्यांच्यासमोर ठेवली. "आधी आजोबा."

फ्युल्जांस भानावर आले. त्यांनी पेन काढलं. ज्यूल तेव्हनार, पॅरिस, यावर एक सरळ रेघ मारली. मारताना ओठ जरा आवळले. खाली लिहिलं: ज्युस्तँ ताबुरे, ओसेर.

"पुढे काय लिहू? कधीपासून कधीपर्यंत?"

"ते मला काय ठाऊक? लिही, पुलाच्या अलीकडे. लिही, गुरुवारी दुकान बंद. आणि लिही, त्यांची कडी जुन्या कडीपेक्षा जाड असायची. म्हणायचे, या शिपायांच्या छात्या थकल्यात, परत यायला लावू नये."

"असं ऐकीव लिहिता येत नाही, मादाम. मोजावं लागतं."

"मग मोज की!"

फ्युल्जांस यांनी खिशातून माप काढलं. प्लान्शारची कडी घेतली, शेजारी डब्यातली सर्वांत कमी झिजलेली पॅरिसची ठेवली, दोन्ही मोजल्या. पुन्हा मोजल्या. जाड होती, दीडपट.

त्यांनी तसं लिहिलं.